बादलीवर वाढलेलं वासरू

आमच्या सासऱ्यांना लाज म्हणून नव्हती. त्यांच्या वाट्याची सगळी माझ्याकडे आली असावी, कारण लग्न झाल्यापासून ते जाईपर्यंत ती मी एकटीने वाहिली. ते मजेत असायचे आणि माझे कान तापलेले असायचे. कट्टा गावच्या बाजारात लोक "सर, नमस्कार" म्हणत थांबले, की मी हळूच शेजारच्या दुकानात शिरायची. सर आता काय काढतील याचा भरवसा नसायचा.

पहिला दणका लग्नाआधीच बसला. मला बघायला ते आमच्या मालवणच्या घरी आले होते. आईने चहा दिला. त्यांनी एक घोट घेतला आणि विचारलं, "चहा कुणी केला?" असल्या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं. आई म्हणाली, "तिनेच." मला काय बुद्धी झाली देव जाणे, मी म्हणाले, "नाही, आईने केला." आईने माझ्याकडे असं बघितलं, की जमीन दुभंगली असती तर आम्ही दोघी एकदमच आत गेलो असतो. सर मात्र खूश. "मग तुझाही एक कप आण. दोन शेजारी ठेवल्याशिवाय कसं कळणार?"

मी चहा केला. त्यांनी दोन्ही कप समोर ठेवले आणि एकदा यातला, एकदा त्यातला असे घोट घेत बसले. शेवटी म्हणाले, "आईचा चांगला. हिच्या चहात साखर जास्त आणि आलं नावाला. पण मुलगी खरं बोलली. आम्हाला पसंत." आनंद करावा की वाईट वाटून घ्यावं हे आईला शेवटपर्यंत कळलं नाही.

सर म्हणजे हायस्कुलातले विज्ञानाचे शिक्षक. मी सून होऊन आले तेव्हा निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, पण निवृत्त फक्त शाळा झाली होती, ते नव्हे. "दोन गोष्टी शेजारी ठेवल्याशिवाय तोंड उघडू नये," हे त्यांचं ब्रीद. आणि ते नुसतं बोलायचं नव्हतं. एकदा ते उजव्या पायात एक चप्पल आणि डाव्या पायात दुसऱ्याच दुकानातली दुसरीच चप्पल घालून महिनोन्‌महिने हिंडले, कुठली आधी झिजते ते बघायला. तसेच ते मी काम करते त्या पतसंस्थेत आले आणि काउंटरवर पाय उचलून आमच्या मॅनेजरांना दोन्ही चपलांचे तळ दाखवले. मॅनेजर भला माणूस, तो वाकून बघू लागला. मी नोटांचं बंडल उगाच पुन्हा मोजायला घेतलं.

सासूबाई याला कधीच्या सरावल्या होत्या. त्यांचं म्हणणं, "गो, तू तेंका आत्ता बगतंस. माका तेनी बघल्यानी तेवा माज्या बयनीकडे पण बघल्यानी. शेजारी बसवन." हे त्या हसत सांगायच्या, पण सर घरात नसताना.

त्यांच्यात एक गोष्ट होती, ती मात्र मी तेव्हाही मान्य करायची. सर निकाल फिरवायचे नाहीत. स्वतःच्या विरुद्ध गेला तरी नाही. ज्या चपलेची त्यांनी आधी चारचौघांत तारीफ केली होती तीच आधी झिजली, तेव्हा ते त्या त्या माणसाच्या घरी जाऊन "मी चुकलो" म्हणून सांगून आले. माणसं दारात उभी राहून एकमेकांकडे बघायची. चपलेसाठी कोण येतं?

निवृत्तीनंतर त्यांनी गायी घेतल्या. माझे यजमान गोव्याला नोकरीला, शनिवारी येणार आणि सोमवारी पहाटे जाणार, त्यामुळे गोठा हा सर, सासूबाई आणि मी अशा तिघांचा कारभार. सरांनी शाळेचा मोडीत काढलेला एक फळा आणून गोठ्याच्या भिंतीला टांगला. त्यावर खडूने गायींची नावं, दूध, पेंड सगळं. वाडीतली माणसं दूध घालायला डेअरीवर जाताना मुद्दाम वाकडी वाट करून आमचा फळा वाचून जायची. "आज तांबू नापास दिसता," असं कुणीतरी म्हणायचंच.

मग एका वर्षी आमच्या तिन्ही गायी एकाच पंधरवड्यात व्यायल्या. एखाद्याला लॉटरी लागावी तसा सरांचा चेहरा झाला.

त्यातलं पहिलं प्रकरण खरवसाचं. आमच्याकडे गाय व्याली, की पहिल्या चिकाचा खरवस वाडीत घरोघर द्यायचा. न दिला तर लोक तोंडावर काही बोलत नाहीत, पण विसरतही नाहीत. सरांनी जाहीर केलं, की चिकाचा थेंब घरात येणार नाही, सगळा वासराचा. यात त्यांचं चुकत नव्हतं, डॉक्टरही तेच सांगतात. पण मग गप्प बसावं ना? नाही. "लोकांना वाईट वाटू नये," म्हणून त्यांनी कट्ट्याहून ग्लुकोजच्या बिस्किटांचे पुडे आणले आणि खरवसाऐवजी एकेक पुडा घरोघर द्यायला मला पाठवलं. सोबत निरोप, "चीक वासराचा हक्क आहे." मी पदर सावरत, मान खाली घालून, एकेक पायरी चढत होते. पलीकडच्या म्हाताऱ्या आजींनी पुडा उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "गो, तुमची गाय व्याली काय बेकरी?"

त्या दिवसापासून आमच्या घराला काही दिवस बेकरीच म्हणत होते.

दुसरं प्रकरण मोठं. तीन गायी, तीन वासरं, म्हणजे तीन शेजारी शेजारी ठेवायची सोय झाली. वासराला दूध पाजायचं कसं, यावर सरांनी वर्षानुवर्षं लोकांची भांडणं ऐकली होती. जुनी माणसं म्हणत, वासरू आईला सोडा, त्याचं ते पिईल. डेअरीच्या प्रशिक्षणाला जाऊन आलेली मंडळी म्हणत, आईपासून तोडा, हाताने पाजा. सरांनी एक वासरू आईला पिऊ दिलं, एकाला रबरी बोंडल्याची बाटली लावली आणि एकाला बादली. नावंही तीच, आई, बाटली आणि बादली. बादलीला दूध सगळ्यांत कमी, कारण कमीत कमी किती दुधात वासरू नीट वाढतं हेही त्यांना बघायचं होतं. कमी लागलं तर तेवढं दूध डेअरीत जास्त जाईल, आणि डेअरीत दूध जास्त गेलं तर वाडीतल्या बायकांच्या हातात चार पैसे येतील, असा तो हिशेब. हेतू वाईट कधीच नव्हता. ते मी शपथेवर सांगेन.

वासरू बादलीत तोंड घालत नाही. त्याला तोंड वर करून प्यायची सवय. म्हणून आपली बोटं दुधात बुडवायची, ती त्याच्या तोंडात द्यायची, ते चोखायला लागलं की हात हळूहळू बादलीत खाली न्यायचा. सर हे इतकं सुंदर करायचे, की बघत राहावं. पण त्यांना ते एकट्याने करून समाधान नव्हतं. माझे वडील एकदा सणाला आले होते, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. चहा व्हायच्या आत सरांनी त्यांना गोठ्यात नेलं आणि त्यांची बोटं वासराच्या तोंडात दिली. वडिलांच्या सदऱ्यावर लाळ, दूध, शेण सगळं. वडील हसत होते, मी मात्र चुलीपाशी तोंड लपवून बसले होते.

बाटलीचं बोंडलं हा आणखी एक ताप. कुडाळहून आणलेल्या दोन बोंडल्यांना भोकं वेगवेगळी होती. एकातून धार जोरात येई आणि वासराला ठसका लागे. कुठलं बरोबर, याचा विचार सरांच्या डोक्यात सदा चालू. कसालला माझ्या मामेबहिणीचं लग्न होतं. पंगत बसली, वाढपी पाणी घेऊन आला, आणि सरांनी खिशातून बोंडलं काढून पाण्याच्या बाटलीला लावलं. घड्याळाकडे बघत ते पाणी चोखू लागले. एक झालं, मग दुसरं. सगळी पंगत थांबली. माझ्या शेजारी बसलेल्या विहीणबाईंनी हळू आवाजात विचारलं, "सरांचे दात काढले वाटतं?" मी "हो" म्हणाले. खोटं बोलले, पण तेवढ्यापुरती सुटले.

दिवस जात होते तशी तिन्ही वासरं वाढत होती. सर दर रविवारी माझी शिवणाची टेप घेऊन त्यांची छाती मोजत आणि फळ्यावर लिहीत. पहिला आठवडा बादली मागे होती. बारीक, सारखी हंबरणारी. मग तिने एकदम उचल खाल्ली. बाटलीला गाठलं, आईलाही गाठलं, आणि पुढे गेली. सगळ्यांत कमी दूध आणि सगळ्यांत जास्त वाढ! सर फळ्यापुढे हात मागे बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "सूनबाई, हे मी स्वप्नातसुद्धा धरलं नव्हतं." एक गोष्ट त्यांना थोडी खटकत होती. त्या वासराच्या आईचं संध्याकाळचं दूध जरा कमी भरत होतं. पण दिवस मे महिन्याचे होते. उन्हाने होतं, असं त्यांनी ठरवलं. त्यांच्यासारख्या माणसाने ठरवलं, याचं मला अजून नवल वाटतं. पण मनासारखा निकाल आला, की माणूस उन्हालाही साक्षीला बोलावतो.

दूध संस्थेची सभा होती. सर उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं, फळा बरोबर नेला होता. सभेत आणि शाळेत ते शुद्ध मराठी बोलायचे. "वासरू तोडा, बादलीवर घाला, दूध मापात द्या. आमच्याकडे झालं, तुमच्याकडे का होणार नाही?" लोकांनी माना डोलावल्या. आमच्या वाडीत सरांच्या समोर मान डोलवायची आणि घरी जाऊन आपलं तेच करायचं, ही रीत पूर्वीपासूनची. त्या संध्याकाळी घरोघर वासरं नेहमीप्रमाणे आईला सोडली गेली असणार.

फक्त पारू उभी राहिली. "सर, माजी पाडी पण बादलीर घालू?"

पारू आमच्या वाडीच्या टोकाला राहते. सरांची जुनी विद्यार्थिनी. नववीत असताना बापाने तिची शाळा सोडवली, तेव्हा सर तिच्या माहेरी जाऊन त्याच्याशी भांडून आले होते. बापाने ऐकलं नाही. पण आपल्यासाठी कुणीतरी भांडलं, हे पारू विसरली नाही. लग्न होऊन ती आमच्याच वाडीत आली. नवरा मुंबईला वॉचमन, घरात ती एकटी आणि एक गाय. ती गाय म्हणजे तिचं माहेरच होतं. बापाने लग्नात दिलेल्या गायीचीच ती मुलगी. पण पुढे या गायीला दर वेताला पाडाच झाला, एकही पाडी, म्हणजे मादी वासरू, नाही. आता गाय म्हातारी झाली होती, हे वेत बहुधा शेवटचं, आणि या वेळी पाडी झाली होती. वाडीत ज्याला त्याला ती सांगत सुटली होती, "माज्या म्हायेरच्या गायचा दावा रिकामा रवाचा नाय आता."

"घाल," सर म्हणाले. "पण एक लक्षात ठेव. मापात कसूर करायची नाही. मध्येच दया आली म्हणून सोडलीस, तर ना धड हे, ना धड ते." आणि त्यांनी तिला आपल्या मापाची स्टीलची लोटी दिली.

पावसाळा सुरू झाला. मी पतसंस्थेत जाताना पारूच्या घरावरूनच जायची. एकदा तिने मला थांबवलं. "वैनी, वायच बारीक वाटता काय ओ पाडी?" मी बघितलं. बारीक होती. मान खाली घालून उभी होती, आणि मला बघून पुढेही आली नाही. मी संध्याकाळी सरांना सांगितलं. ते लगेच टेप घेऊन गेले, छत्री न घेताच. परत आले ते विचारात. "बारीक आहे. पण आमचीही पहिल्या आठवड्यात अशीच होती. मग उचललं. थांबू थोडं."

पाडीने उचललं नाही. तिला हगवण लागली. डॉक्टर आले, सलाईन लावलं. त्यांनी पाडीच्या बरगड्यांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "हिच्या अंगात झुंजायला काही राहिलंच नाही." दुसऱ्या दिवशी दुपारी पाडी गेली. सर तिथेच होते. घरामागच्या परड्यात खड्डा खणायला त्यांनीच कुदळ धरली, कुणाला देईनात.

त्या संध्याकाळी सासूबाई जेवायला बसल्या नाहीत. सरांनी दोन घास खाल्ले असतील. मी पानं उचलत होते, तेव्हा सासूबाई भिंतीला टेकून म्हणाल्या, "माका एक सांगूचा आसा."

सर थांबले.

"तुमी दुपारी निजल्यात काय मी तेका सोडी. आपल्या बादलीक. आवशीकडे."

मला आधी कळलंच नाही त्या काय म्हणतायत. सरांना कळलं. त्यांनी विचारलं, "रोज?"

"रोज."

"किती वेळ?"

"प्वाट भरासर." सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. "बोंबलत होता ता दिसभर. माज्यान आयकवत नाय होता. म्हटलंय, तेंचो प्रयोग काय तो होवंदे, वासराक कित्याक मारूचा? माका काय म्हायत, तुमी सभेत जावन सांगतलास? आणि सांगलात तेवा माजी जीभ उचलली नाय. चार माणसांत तुमची लाज जायत, म्हणान गप रवलंय."

म्हणजे बादलीचं वासरू बादलीवर वाढलंच नव्हतं. ते आईच्या दुधावर वाढलं होतं, चोरून, पोटभर. आणि आमच्याच घरातल्या दयेने खोटा ठरलेला निकाल सरांनी वाडीला खरा म्हणून सांगितला होता. मला बसायला जागा सापडेना. त्या घरात राहते याची मला इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती, आणि ही लाज चपलांची नव्हती, बोंडल्यांची नव्हती. ती मान वाकडी करून टाळता येण्यासारखी नव्हती.

सर रागावतील असं मला वाटलं. ते रागावले नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "मी जातंय पारूकडे. माजा पाप माका सांगूक व्हया." तेव्हा ते म्हणाले, "तू नको. प्रयोग माजो होतो." आणि मला म्हणाले, "सूनबाई, उद्या कामावर जाण्याआधी तू चल माझ्याबरोबर."

सभेतही त्यांनी ते पुढे सांगितलंच. फळा न नेता उभे राहिले आणि म्हणाले, माझा निकाल खोटा होता, कुणी तसं करू नका. लोक हसले. "सर, आमी खंय केल्लाव?" असं मागून कुणीतरी म्हणालं. पण ते नंतर. आधी पारूकडे जायचं होतं.

पारू ओटीवर होती. गाय मागे गोठ्यात हंबरत होती. आम्हाला बघून पारू उठली, तिने चटई घातली. "येवा सर. वैनी, बसा." डोळे सुजलेले होते, पण तिने सरांसाठी पाणी आणलं, गूळ आणला. सर बसले नाहीत. खांबाला हात लावून उभे राहिले आणि फळ्यापुढे उभे असल्यासारखे सांगू लागले. "पारू, मी तुला जे सांगितलं ते चुकीचं होतं. आमचं वासरू बादलीवर वाढलं नव्हतं. त्याला दुपारी आईचं दूध मिळत होतं, रोज. मला माहीत नव्हतं, पण ती सबब नाही. तेवढ्या दुधात वासरू जगत नाही. तुझी पाडी माझ्यामुळे गेली."

सासूबाईंचं नाव त्यांनी घेतलं नाही.

मी खाली बघत होते. ती आता ओरडेल, रडेल, चालते व्हा म्हणेल, असं मला वाटत होतं, आणि खरं सांगते, मी त्याची वाट बघत होते. तिने तसं म्हटलं असतं, तर त्या ओटीवर उभं राहणं सोपं झालं असतं.

पारूने विचारलं, "म्हणजे तेका कोणतरी सोडी होता?"

"हो."

ती आत गेली आणि सरांची ती लोटी घेऊन आली. घासून लखलखीत केलेली. ती सरांच्या हातात देत म्हणाली, "माका पण तिका सोडूचा वाटत होता, सर. रोज वाटत होता. ती आवशीकडे बगून अशी काय ओरडत होती, मी दोन-तीनदा दाव्याक हात घातलंय." आणि ती जराशी हसली, चुकी सांगताना मुलं हसतात तशी. "पण तुमी म्हटलास, मधीच सोडू नको. माज्यामुळे तुमचो प्रयोग बिगडलो तर? म्हणान मग मी तकडे परड्यात जावन बसत होतंय. आयकाक येव नये म्हणान. मापात कसूर नाय केलंय हां, सर. एक दीस पण नाय."

सरांनी लोटी घेतली. आयुष्यभर ज्यांच्या बोलण्याने मी पळत होते, त्यांनी एक शब्द बोलावा म्हणून मी मनात देवाला हात जोडले. ते लोटी धरून उभे होते आणि पारू त्यांच्याकडे बघत होती. ती रागावली नव्हती. सांगितलेलं सगळं मी बरोबर केलं, हे सरांनी एकदा म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. आणि तेच म्हणायची सरांची हिंमत नव्हती. काय म्हणणार? शाबास?

शेवटी ते तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले, आणि मध्येच हात मागे घेतला. मग आम्ही निघालो.

पाऊस नव्हता. पाणंदीत चिखल होता, आणि सर बाजूच्या कोरड्या कडेवरून न चालता सरळ चिखलातून चालत होते. घर दिसायला लागलं तसे थांबले. माझ्याशी ते नेहमी शुद्ध बोलायचे. त्या दिवशी म्हणाले, "सूनबाय, पारू काय बोलली ता घरात सांगू नको. हिका कळला तर ही जगाची नाय." मी मान हलवली.

सासूबाई पडवीत वाट बघत होत्या. केस विस्कटलेले, कालचंच लुगडं. आम्ही पायरी चढायच्या आत त्यांनी विचारलं, "काय म्हणाली?"

सर पाय धुवायला वळले. दोन कप चहाचासुद्धा निकाल ज्यांनी खरा सांगितला, ते पाठमोरेच म्हणाले, "लय बोलली. तोंडाक येयत ता बोलली. माज्या तोंडार दार लावल्यान."

सासूबाईंनी डोळे मिटले. त्यांच्या छातीवरचं काहीतरी उतरलं, ते मला दिसलं. "बरा केल्यान," त्या म्हणाल्या. "बोलूकच व्हया होता. तिची पाडी गेली." आणि कालपासून पहिल्यांदा त्या चुलीकडे वळल्या. "हात धुवा. पेज काढतंय."

सर पाटावर बसले आणि खाली मान घालून पेज जेवू लागले. सासूबाई माझी वाटी भरत होत्या. भरता भरता थांबल्या.

"तुका पण बोलली गो?"

"हो आई," मी म्हणाले. "मला पण."